दोष सूर्याच्या माथी

माझा मामा बोईसरला स्टेशनजवळ रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचा. साठचं दशक उताराला लागलं होतं, तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती. ज्याच्या हातात चार पैसे आले तो पहिला ट्रान्झिस्टर घेई आणि खांद्याला लटकवून फिरे. त्या काळात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. भर दुपारी शॉर्टवेव्हवर गाणी चालू असताना आवाज एकदम बसायचा, नुसती खरखर उरायची आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप पूर्ववत व्हायचं. लोक रेडिओ काखोटीला मारून मामाकडे येत. मामा तो उघडे, आत फुंकर मारे आणि लावून दाखवे.

"भैया, चल तो रहा है."

"अभी चल रहा है. दोपहर को मर गया था."

मामाचा धंदा चालला होता, पण अब्रू जात होती. काहींनी नव्या विजेच्या खांबांवर खापर फोडलं, बाकीच्यांनी मामावर. मी तेव्हा बीएस्सी करून चिंचणीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. मामानं मला गाठून विचारलं. मी म्हटलं, "मामा, तुझा दोष नाही, सूर्याचा आहे." त्या दोनतीन वर्षांत सूर्यावर डाग फार होते. डागांच्या आसपास स्फोट होतात आणि त्यांचे किरण आपल्या हवेच्या अगदी वरच्या थरांत गडबड करतात. शॉर्टवेव्हचे आवाज दूरवर पोचतात ते या थरांच्या भरवशावर. हे किरण सूर्यासमोरच्या बाजूवरच पडतात, म्हणून हे दिवसाच, सूर्य डोक्यावर असताना होतं, तेही मी त्याला सांगितलं. मामाला ते भलतंच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बोटानं आभाळ दाखवून "सूरज में गड़बड़ है" असं सांगू लागला.

आठवड्याभरात ही गोष्ट आमच्या शिक्षकांच्या खोलीपर्यंत आली. बोईसरचा रेडिओवाला आपलं पाप सूर्याच्या गळ्यात बांधतो म्हणून सगळे पोट धरून हसले. माझी एक खोड आहे, ती अजून गेलेली नाही. खऱ्या गोष्टीला कोणी खोटं म्हटलं की माझं डोकं सणकतं. मी तिथल्या तिथे ठरवलं की नववीच्या वर्गाला सूर्य शिकवायचा, आणि तोंडी नाही, दाखवून.

शाळेत एक जुनी दुर्बीण होती. तिच्यातून सूर्याकडे कोणी पाहायचं नाही, अशी मी सक्त ताकीद दिली. पाहणारा आंधळा होईल. दुर्बिणीतून येणारा उजेड पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचा, की पुठ्ठ्यावर सूर्याची बशीएवढी तबकडी उमटते. मुलं रोज तिच्यावरचे डाग पेन्सिलीनं टिपून घेत. थोड्या दिवसांत एका मुलीच्याच लक्षात आलं की डाग बहुतेक जोडीनं असतात. मला हेच हवं होतं. त्या जोडीतला एक डाग म्हणजे चुंबकाचं उत्तर टोक धरा आणि दुसरा दक्षिण, असं मी त्यांना सांगितलं. एकातून निघालेल्या न दिसणाऱ्या रेषा कमानीसारख्या वर उठतात आणि दुसऱ्यात शिरतात. सूर्यावरचा तापलेला वायू विद्युतभारित असतो, त्यामुळे तो मनाला येईल तिकडे जाऊ शकत नाही, त्याला या रेषांच्या वाटेनंच जावं लागतं. रेषांना पीळ बसत गेला आणि तो असह्य झाला, की त्या तुटून नव्यानं जुळतात आणि स्फोट होतो. वर्गात चुंबक, पुठ्ठा आणि लोखंडाचा कीस घेऊन त्या कमानी दाखवायच्या, असा माझा बेत होता.

लोखंडाचा कीस आमच्या घरात पाहिजे तेवढा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, डाय कोरायचे. चिंचणीत हा धंदा घरोघरी होता. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची. सोनार त्या खोलात पातळ पत्रा ठेवतो, वर शिसं ठेवून ठोकतो आणि फूल उठून येतं. मुंबईच्या सराफी पेढ्यांवर जे बकुळहार, वाट्या आणि तोडे चकाकतात, त्यांतली कितीतरी नक्षी आधी आमच्यासारख्या घरांच्या पडवीत, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसानं छिन्नीनं उतरवलेली असते. ज्या बायका ते दागिने घालून मिरवतात, त्यांना चिंचणी कुठे आहे हे ठाऊक नसतं. असो.

दादांचा हात आळीत पहिल्या नंबरचा. कोणी नवीन नक्षी घेऊन अडला की त्यांच्याकडे यायचा. पण त्या वर्षी त्यांच्या डायमध्ये खोट येऊ लागली. कोरून, पोलादाला पाणी देऊन, म्हणजे तापवून आणि विझवून टणक करून झालं, की ते पितळी पत्र्यावर छाप घेऊन बघत. छापात बारीक खड्डे दिसायचे. सुईचं टोक लागल्यासारखे. पुसून पुन्हा ठोकलं की खड्डे दुसऱ्याच जागी. आधी त्यांनी तेल बदललं, मग ब्रश, मग चष्मा. पेढीवरून एक डाय परत आली, पाठोपाठ दुसरी आली. आळीत कुजबुज सुरू झाली, "दादाचा हात गेला आता." तोंडावर कोणी बोललं नाही, पण न बोललेलंच घरात जास्त ऐकू येतं.

खरं वाईट पुढे होतं. दादांनी स्वतःच ते मान्य केलं. कामाला बसण्यापूर्वी ते डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरत आणि थांबून राहत. मला ते बघवत नसे. एका चुलतभावानं तारापूरच्या साइटवर स्टोअरमध्ये त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. अवजारं द्यायची, घ्यायची, मोजून ठेवायची. दादा हो म्हणाले. "हत्यारं सांभालायचीच हायेत ना? जमंल," एवढंच बोलले. हातातली बकुळीच्या फुलाची डाय तेवढी पुरी करायची आणि येत्या सोमवारपासून साइटच्या बसनं जायचं, असं ठरलं. मी मात्र चिडले. ज्या माणसाला पोलादावर पाकळी उमलवता येते, त्यानं पाने-पकडी मोजत बसायचं? पण चिडून काय उपयोग? छापात खड्डे होते आणि ते मलाही दिसत होते.

त्याच आठवड्यात मी शाळेतून एक परदेशी मासिक घरी आणलं होतं. त्यात सूर्याच्या कडेवर उठलेल्या ज्वाळेचा फोटो होता. एक भली मोठी कमान, आत कितीतरी पृथ्व्या मावतील एवढी, आणि तिच्यात धागे धागे दिसत होते. दादांनी ते पान हातात घेतलं, भिंग लावलं आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.

"ही नक्षी कोनी काडली?"

"कोणी नाय, दादा. सूर्यावर आपोआप होते."

"आग अशी वलते होय? आग वर जाते. ही बग, वर गेली आन् खाली उतरली. याला काय तरी धरून ठेवतंय."

वर्गात जे सांगून माझा घसा बसला होता, ते त्यांनी फोटो बघून ओळखलं, म्हणून मला आनंद झाला. दाखवतेच म्हटलं. सुट्टीचा दिवस होता, दुपारची जेवणं झाली होती. मी शाळेतला पट्टीचुंबक त्यांच्या कामाच्या फळीवर ठेवला, वर पुठ्ठा धरला, डबीतला कीस भुरभुरवला आणि बोटानं टिचकी मारली. कीस सरकला आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमानी उभ्या राहिल्या. दादांच्या तोंडून "वा" निघालं. मी त्यांना हेही सांगितलं की कीस जागच्या जागी वळून नुसती वाट दाखवतो, सूर्यावरचा वायू त्या वाटेनं खरोखर वाहतो. आणि उद्रेक झाला तरी तो नाकासमोर जातोच असं नाही. शेजारी दुसरं जोरकस क्षेत्र असलं तर त्याची वाट वाकते. तेव्हा ही दुसरी गोष्ट मी थोडी अंदाजानंच बोलले होते. पुढे निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की शास्त्रज्ञांनी आता अवकाशातून हे नीट पाहिलं आहे. सूर्याच्या एका भागातून सुटलेला उद्रेक आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रांच्या रेट्यानं भलतीकडे ढकलला जातो. आपल्याकडे येईलसा वाटणारा बाजूनं निघून जातो, आणि बाजूनं जाईलसा वाटणारा कधी आपल्यावर येऊन थडकतो.

"मंग ही एका अंगाला का वडली गेली?" दादांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

खरंच, एका बाजूच्या कमानी ताणून फळीच्या कडेकडे गेल्या होत्या. तिथे कापडावर पाणी देऊन झालेली बकुळीची डाय ठेवली होती. मला तर हवं तेच झालं होतं. "बघा, शेजारी लोखंड आलं की रेषा अशा वळतात," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पण बोलता बोलता माझी नजर दुसऱ्या बाजूला गेली. तिथे तेवढ्याच अंतरावर हातोडी पडली होती. तिचं डोकं डायपेक्षा मोठंच होतं, आणि कमानी तिच्याकडे जेमतेम झुकल्या होत्या. हे काही मला पटेना. नुसतं लोखंड ओढत असेल तर हातोडीनं जास्त ओढायला हवं होतं.

मी चुंबक उचलून पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवून आले. पुठ्ठा डायवर धरला आणि नवा कीस भुरभुरवला. टिचकी मारली. डायच्या कडांवर कीस उभा राहिला. बारीक, पण कमानीच. चुंबक कुठेच नव्हता.

दादांनी पुठ्ठा बाजूला केला, भिंग लावलं आणि डायच्या खोलात पाहिलं. पाकळ्यांच्या रेघांत पोलादाची धूळ चिकटून उभी होती. ब्रश फिरवला तर ती आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. तेलाच्या थरात ही धूळ आजवर दिसलीच नव्हती. ती धूळ पत्र्याखाली राहायची आणि छापात खड्डे पडायचे. खोट कोरण्यात नव्हतीच. दादा उजवा हात पालथा करून त्याच्याकडे बघत राहिले.

"बाय, पन ह्यात चुंबक शिरला कसा?"

उत्तर चहा घेऊन आलं. आईनं फळीवर सांडलेला कीस पाहिला, कप खाली ठेवले आणि म्हणाली, "थांबा, हात लावू नका. पायात जाईल कुनाच्या." आत जाऊन ती आपली काठी घेऊन आली. ही काठी मला ठाऊक होती. पोलादाच्या कुसळांनी आमच्या सगळ्यांच्या तळव्यांची चाळण झालेली, कधी कधी तर ती कुसळं पिठातही सापडायची. म्हणून आईनं त्याच वर्षी मामाकडून फुटक्या लाउडस्पीकरमधला चुंबक मागून आणला होता आणि बांबूच्या टोकाला बांधला होता. त्यावर फडकं गुंडाळायचं, जमिनीवरून फिरवायचं, मग अंगणात जाऊन फडकं सोडलं की कीस आपोआप गळून पडतो. मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. माझ्या माहितीप्रमाणे ती जमीनच झाडायची. मी सकाळी शाळेत जायचे आणि दादा आंघोळीला. त्यानंतर ती काय करते हे मी पहिल्यांदा त्या दुपारी बघितलं. आईनं काठी फळीवरून फिरवली, छिन्न्यांवरून फिरवली, मग बकुळीच्या डायवर हळूच टेकवून, मुलाचं तोंड पुसावं तशी चारी बाजूंनी फिरवली. रोजच्या सवयीचा हात होता तो.

दादांनी तिच्या हातातून काठी काढून घेतली. "असू दे. मी करतो," म्हणाले, आणि मला डोळ्यांनी गप्प केलं.

पण माझी आई काही दुधखुळी नव्हती. संध्याकाळी चुलीपाशी तिनं मला विचारलं, "काठीनं काय झालं?" मी सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती तशीच हातात राहिली.

"सकालच्याला त्या पत्र्याकडं बगून ते गप बसायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुटंतरी कीस राहतोय, मीच नीट पुसत नाय. मंग दुसऱ्या दिशी मी आनखी घासून फिरवायची."

मला रडू आलं. ती रडली नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं की आता ती डाय सुधरेल का.

सुधारायला एकच वाट होती. पोलाद लालभडक तापलं की त्यातला चुंबक मरतो. विजेच्या वेटोळ्यातून फिरवूनही तो काढता येतो हे मला माहीत होतं, पण आमच्या घरात तेव्हा वीज नव्हती आणि दादांचा विश्वास विस्तवावर. मात्र तापवल्यावर पाणी पुन्हा द्यावं लागणार, आणि एकदा पाणी दिलेली कोरीव डाय दुसऱ्यांदा विझवताना तडकू शकते. तडकली तर महिन्यांची मेहनत मातीत, आणि सोमवारची बस होतीच.

आमच्या आळीत रीत होती, कोणी मोठ्या डायला पाणी देणार असला की बाकीचे कारागीर येऊन बसायचे. मदत कोणी करत नाही आणि विस्तव चालू असेतो कोणी बोलतही नाही. रविवारी सकाळी सगळे आले. दादांनी नक्षी जळू नये म्हणून तिच्यावर साबण आणि कोळशाच्या भुकटीचा लेप दिला, भाता चालवला आणि डाय लाल होईपर्यंत तिच्यावरून नजर काढली नाही. मग सांडशीनं उचलून तेलात सोडली. चर्र आवाज झाला. तडकल्याचा आवाज वेगळा असतो, तो आला नाही. दादांनी ती वर काढली, पुसली, डबीतला कीस वर टाकला आणि फुंकर मारली. सगळा उडून गेला. त्यांनी पितळी पत्रा ठेवला, शिसं ठेवलं आणि ठोकलं. आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या कारागिरानं भिंग मागून घेतलं आणि ते फूल उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. त्यात एकही खड्डा नव्हता.

"साफ हाय," तो म्हणाला. मग भिंग खाली न ठेवताच त्यानं विचारलं, "पन दिलेलं पानी परत का द्यावं लागलं, दादा?"

हा प्रश्न येणारच होता. दुसऱ्यांदा पाणी देणं म्हणजे काहीतरी चुकलं होतं याची कबुलीच. सगळे आता उत्तर ऐकायला थांबले होते. दादा डाय पुसत राहिले. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"यंदा सूर्यावर वादलं झाली ना," ते म्हणाले. "बोईसरला रेडिओ बंद पडतात, ऐकलं नाय का? त्यानंच पोलादात चुंबक शिरला."

सूर्याच्या वादळानं होकायंत्राची सुई जराशी थरथरते, फळीवरची डाय काही चुंबक होत नाही. म्हातारा माझ्याकडे वळला. "खरं का गं बाय? तू शिकलेली हायेस." दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हो म्हणावं तर ज्या सूर्याला शिक्षक हसले म्हणून माझं डोकं सणकलं होतं, त्याच्या नावानं मीच धडधडीत खोटं बोलणार. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न होता, मग कोणी केलं?

"तिला कशाला इचारता?" दारातून आईचा आवाज आला. ती चहाच्या भरलेल्या कपांचं ताट घेऊन उभी होती. "सूर्यबिर्य काय नाय. चुंबकाची काठी मी फिरवायची डायवर, रोज. ह्यांच्या हाताला काय झालेलं नाय. जे झालं ते माज्या हातानं झालं."

बोलता बोलता आईच्या हातातलं ताट हिंदकळलं आणि थोडा चहा बशांत सांडला. दादांचा चेहरा पडला. माझ्या माहितीत ते आळीसमोर पहिल्यांदाच खोटं बोलले होते, तेही तिच्यासाठी, आणि तिनं ते क्षणभरही टिकू दिलं नव्हतं. ते उठले. तिच्या हातातून ताट घेतलं, बशांत सांडलेला चहा अंगणात ओतून आले आणि एकेकापुढे वाकून सगळ्यांना कप देऊ लागले. आमच्या आळीत तोवर कुठल्या पुरुषानं चारचौघांत चहा दिला नव्हता. सगळ्यांची नजर त्यांच्या उजव्या हातावर होती. कप अजूनही जवळजवळ काठोकाठ होते, आणि एकाही बशीत थेंब पडला नाही.